फुटाला अडीच इंच

खिडकीच्या चौकटीखाली चार बोटं मोकळी ठेवायची,
बर्फ साचला तरी लाकडाला लागू नये म्हणून.
पुढची तुळई सात फुटांच्या खाली आणायची नाही,
कारण वर्षातून दोनदा डलूथहून येणारा माझा भाऊ आर्वो
सहा फूट पाच इंच आहे
आणि वाकणं त्याला लहानपणापासून जमलेलं नाही.
वरून आईची नजर, खालून आर्वोचं डोकं,
मधे जे काय उरेल
तो उतार.

टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.
वडिलांनी आकडा मोठ्यानं वाचला नाही,
कानामागची पेन्सिल काढून फळीवर लिहिला: वीस.
आठ फुटांच्या पडवीला वीस इंच.
फुटाला अडीच.

शेजारचे ट्रेवॅरो शिडीच्या पायाशी कॉफी घेऊन उभे.
त्यांच्या तीन पिढ्या तांब्याच्या खाणीत
माथ्यावरचा खडक खाली येऊ नये म्हणून टेकू लावत आल्या.
"रेइनो, इथे माणूसभर बर्फ पडतो.
फुटाला चार तरी हवेत.
खिडकी खालून फूटभर बुजव. एका दुपारचं काम."
वडील म्हणाले, "खिडकी नाही."
आमच्याकडच्या फिनिश माणसाचं भाषण एवढंच असतं.

ती खिडकी मुळात खाली ओढली होती त्यांनीच,
आईचे गुडघे गेले त्या वर्षी.
खाट तिला भिडवून ठेवली,
पडल्यापडल्या सुपीरियर दिसावं म्हणून.
तळंच म्हणायचं त्याला. पैलतीर नसलेलं.

मग वासे जाड घेतले, सोळाऐवजी बारा इंचांवर बसवले.
भिंतीची फळकुटं सोडवली तेव्हा
आतलं लाकूड एके जागी भिजल्या पावासारखं निघालं,
मुठीएवढं. वडिलांनी त्यात बोट घातलं
आणि बराच वेळ बाहेर काढलंच नाही.
नवी फळी. तिच्यावर आडवं लाकूड, वीतभर लांब बोल्ट,
वर जस्ताची दुमडलेली पट्टी,
तिची एक कड फळकुटांच्या पोटात सारलेली.
वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात.
म्हणणाऱ्यानं नोव्हेंबरात या तळ्यावरून येणारा वारा पाहिला नसणार.
इथे पाणी चढतं.
भिंत चाटत, एकेका खिळ्याला विचारत चढतं.

अकराव्या दिवशी शेवटचा हिरवा पत्रा बसला.
आम्ही दोघं वर गेलो.
"दिसतं?"
"दिसतं," आई म्हणाली. "तळं सगळं दिसतं."
मग जरा थांबून, "वाट नाही दिसत."

मी गुडघ्यांवर बसून तिच्या उशीशी डोकं टेकलं.
तळं होतं, रस्ता होता, फाटक होतं,
आणि लगेच पत्रा.
आजवर तिच्याकडे येणारं माणूस
फाटकाशी चिमूटभर असायचं आणि दारापर्यंत मोठं होत यायचं.
कुणाचा पाय लचकतोय, कुणी बशीवर काय झाकून आणलंय,
दार वाजवण्याआधी कोण केस सारखे करतं,
सगळं तिला दाराच्या आधी कळायचं.
आता फाटकानंतर नुसते बूट वाजणार.

वडील काही बोलले नाहीत.
मला वाटलं, छप्पर उतरवतात आता.
सकाळी पाहते तर फाटकाशी, पहारीनं
वाटेच्या फरशा उकलत होते.
सरळ दाराशी येणारी वाट
त्यांनी कुंपणाच्या कडेनं नेली,
सफरचंदाच्या झाडापर्यंत, तिथून आत वळवली.
ट्रेवॅरो म्हणाले, "लोक गवतावरून सरळच येणार."
"येऊ देत. डिसेंबर यायचाय."

आणि आला. दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या भिंती.
मधे वडिलांच्या फावड्याची एकच वाट,
हवी त्याहून दुप्पट लांब.
टपालवाली हुहताला बाई रोज तिच्यावरून पुटपुटत येते,
झाडापाशी थांबते, वर हात करते.
परवा ट्रेवॅरोही त्याच वळणानं आले,
छपराकडे बघत, डोकं हलवत.

त्यांचंही खरंच होतं. बर्फ घसरत नाही.
रोज सकाळी वडील लांब दांड्याच्या दाताळ्यानं तो ओढून काढतात,
आणि वर खिडकी बोटभर उघडते.
"डावीकडे राहिलंय, रेइनो.
अजून डावीकडे."